साहेब ओरडत नाहीत

आमचे नवे साहेब कधी ओरडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, हिचा साहेब म्हणजे अगदी राक्षसच असणार. तसलं काही नाही. आवाज मऊ, शर्टाला कडक इस्त्री, झाडूवालीलाही 'अहो' म्हणणार. आणि तरीही त्या माणसाच्या बुटांचा आवाज आला की मी अर्ध्या वाक्यात तोंड मिटायचे. मी! मी काय चीज आहे ते आमच्या घरी विचारा. नवरा म्हणतो, हिच्या तोंडी लागण्यापेक्षा गप्प जेवून उठलेलं बरं.

आमच्या कारखान्यात मटार आणि मक्याचे दाणे गोठवून खोक्यांत भरतात. भरलेली खोकी ढकलगाडीवर घालून मोठ्या फ्रीझरमध्ये न्यायची आणि मांडण्यांवर रचायची, हे आम्हा बायकांचं आणि चार-दोन पुरुषांचं काम. हा फ्रीझर म्हणजे घरातलं कपाट नव्हे. आमचं अख्खं घर त्यात मावेल आणि वर पाहुण्यांना जागा उरेल. आम्ही त्याला नुसतं 'आत' म्हणायचो. "ती कुठंय?" "आत." जाड कोट, कानटोपी, हातमोजे घालूनही आत थोडाच वेळ काढता येतो, मग नाक बधिर होतं, पापण्या एकमेकींना चिकटायला लागतात. संध्याकाळी पाळी संपली की दार लावून मोठे पंखे सोडतात, म्हणजे दिवसभराचा माल दगडासारखा घट्ट होतो. एकदा पंखे सुटले की आत माणसाचं काम नाही.

म्हणून दार लावायच्या आधी हजेरी. सगळ्यांनी दारासमोर उभं राहायचं, साहेबांनी एकेकाला हाक मारायची आणि मगच दार लावायचं. ही पद्धत आधीच्या साहेबांनी पाडली. त्यांना आम्ही 'तोफ' म्हणायचो आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. नुसतं 'आहे' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "आवाज काय, रेडिओलाही असतो! तोंड दाखव!" असं खेकसायचे. एकूण एक तोंड बघितल्याशिवाय दाराला हात लावू द्यायचे नाहीत, आणि वर स्वतः आत एक चक्कर मारून यायचे. शिव्या तर अशा द्यायचे की कानात बोळे घालावेत. एकदा मी मटाराची भरलेली गाडी बाहेरच विसरले, सगळा माल पाणी सोडायला लागला. सरळ जाऊन सांगितलं. तोफ धडाडली, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, आणि बोलता बोलताच बाह्या सरसावून साहेब माझ्याबरोबर खोकी उचलायला लागले. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कंबर धरली का गं?" ती गोष्ट त्यांनी परत कधी काढली नाही. त्यांचा राग यायचा, पण जाऊन सांगायची भीती कधी वाटली नाही. वरच्या लोकांना मात्र त्यांचं तोंड खपलं नाही. त्यांना घरी बसवलं.

मग आले हळूसाहेब. हे नाव चष्मिशनं ठेवलं. चष्मिश म्हणजे माझ्या शेजारी उभी राहून खोक्यांना पट्टी चिकटवणारी, जाड भिंगांची, कामात पक्की आणि मनानं सशासारखी. हळूसाहेबांनी आल्या आल्या हजेरीला कोटांचे नंबर आणले. मान खाली, नजर हातातल्या फोनवर, तोंडानं नंबर. समोरून 'आहे' आलं की पुढचा. आतली चक्कर बंद झाली, त्यात वेळ जातो म्हणे. आणि कुणाचं काही चुकलं तर आवाज चढवणं नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना रिंगण करून उभं करायचं, चुकलेल्याला मधे घ्यायचं आणि हसून विचारायचं, "का बरं झालं असं?" त्यानं काहीतरी सांगितलं की मान डोलवायची. "बरं. आणि ते का बरं?" त्यानं आणखी काही सांगितलं की, "आणि तसं का बरं?" समोरच्याकडे सांगायला काही उरत नाही तोवर हे चालायचं.

आमच्या पैलवानाचं काय झालं ते ऐका. फ्रीझरच्या दाराला आतून एक लाल दांडा आहे. कुणी अडकलं तर तो ओढायचा. दार उघडतं, पंखे बंद पडतात आणि सगळ्या इमारतीत भोंगा बोंबलतो. पैलवान एकदा आत खोकी रचत असताना दार मागून आपोआप लागलं. त्यानं दांडा ओढला. ओढणारच, दांडा त्यासाठीच आहे! भोंगा झाला, सगळी कामं थांबली, वरून फोन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान रिंगणात. दार का बरं लागलं? गाडी मधे अडकवून का बरं ठेवली नाहीत? आधी दारावर थाप का बरं मारून बघितली नाहीत? घाबरलात? का बरं घाबरलात? दोन हातांत चार खोकी उचलणारा तो गडी शेवटी हमसून हमसून रडला. साहेब म्हणाले, "मोकळेपणानं बोललात, आभारी आहे," आणि आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. आम्ही वाजवल्या. पैलवान अजून कुणाच्या नजरेला नजर देत नाही.

तेव्हापासून आमच्या तोंडाला कुलूप. यंत्र खरखरलं, गप्प. पट्टा उसवला, आपसांत शिवून टाकायचा. आणि हजेरीला कुणी संडासात असलं, कुणाला शाळेतून पोर आणायला जरा आधी सटकायचं असलं, तर शेजारणीनं तिच्या नंबराला 'आहे' म्हणून टाकायचं. रिंगणात उभं राहण्यापेक्षा ते परवडलं. साहेबांची मान काही वर व्हायची नाही.

आता माझी जाऊ. मी घरात मोठी, ती धाकटी, आणि कामाला लागली तीही माझ्याच शब्दावर. घरी आमचं घडीभर पटत नाही. त्या दिवशी सकाळी माझ्या कंगव्यात तिचे केस निघाले म्हणून जुंपली. मी म्हटलं, "स्वतःचा कंगवा घ्यायला काय होतं तुला?" तर म्हणते, "ताई, तुमच्या डोक्यावर उरलेत किती? तुम्हाला कंगवा लागतोच कशाला?" आता सांगा! मी दिवसभर तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. जेवायलासुद्धा पाठ करून बसले.

त्या दिवशी वरून पाहुणे आले होते, माल आणि कामकाज बघायला. साहेबांचा आवाज आणखीच मऊ झाला होता आणि आमचे जीव आणखीच मुठीत. हजेरी भरभर उरकली. धाकटीचा नंबर आला आणि 'आहे' ऐकू आलं ते माझ्या शेजारून, चष्मिशच्या तोंडून. मला वाटलं, बाईसाहेब पोराला आणायला आधीच पळाल्या. जाऊ दे, तेवढीच वाटेतली कटकट वाचली. दार लागलं, पंखे सुटले. ते सुटले की फरशीतून तळपायाला घरघर जाणवते.

कोट काढायच्या खोलीत मी चपला घालत होते. धाकटीच्या खुंटीवर तिची पिशवी होती, खाली तिच्या चपला होत्या. पिशवीत फोन वाजत होता. वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. शेवटी मीच काढला. माझा दीर होता.

"वहिनी, ती कुठंय? पोराला मी आणलंय म्हणावं. येताना तेवढं दूध आण म्हणून सांगा."

तिच्या चपला इथं, कोट खुंटीवर नाही, पोर घरी. मी फोन कसाबसा कापला, कमरेला खोचला आणि चष्मिशचा दंड धरला.

"तू 'आहे' म्हणालीस. तुला ती काही सांगून गेली होती?"

"नाही गं... मला वाटलं पोराला आणायला गेली असेल. रोज जाते ना."

"मग शेवटची बघितलीस कुठं?"

चष्मिशचा चेहरा पांढराफटक पडला. "तिनं मटाराच्या खोक्यांवर मक्याच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या," ती पुटपुटली. "अख्खी मांडणी भरून. हजेरीच्या अर्धा-पाऊण तास आधी लक्षात आलं तिच्या. म्हणाली, पाहुण्यांनी बघायच्या आधी जाऊन बदलून टाकते, कुणाला बोलू नकोस. मी म्हटलं, साहेबांना सांग. तर माझ्याकडे अशी बघायला लागली..."

"जाऊन म्हणजे कुठं जाऊन?"

मटाराची खोकी कुठं असतात, हे मला काय माहीत नव्हतं?

खोलीत सगळे गोळा झाले आणि एकच कालवा उठला. कुणी म्हणे संडासात बघा, कुणी म्हणे मागच्या अंगणात बघा. संडासं बघून झाली, अंगण बघून झालं. मग एक जण म्हणाला, "अहो, ती आत असती तर भोंगा वाजला नसता का? डोक्यावर दांडा आहे!" आणि सगळ्यांनी तेवढंच धरून ठेवलं. हो की, भोंगा कुठं वाजला? भोंगा वाजला नाही म्हणजे ती आत नाही. गेली असेल कुणाच्या तरी चपला घालून. मलाही ते खरं वाटायला हवं होतं, देवाशपथ. पण मला दुसरंच दिसत होतं. दांडा ओढायला शुद्ध लागते. ती बेशुद्ध पडली असेल तर भोंगा कुठून वाजणार?

मी फ्रीझरकडे धावले आणि दारावर मुठी आपटल्या. ते दार हातभर जाड. गादीवर मारल्यासारखा आवाज आला आणि पंख्यांच्या घरघरीत विरून गेला. कान लावला तर गार लोखंड आणि घरघर, बाकी काही नाही. पंखे चालू असताना ते दार बाहेरून उघडायला साहेबांचं कार्ड लागतं. दुसरा रस्ता नाही.

"मी साहेबांकडे जाते," मी म्हटलं.

मग चष्मिशनं दोन्ही हातांनी माझा पदर धरला. "जरा थांब ना. आधी खात्री करू. मी 'आहे' म्हणाले हे कळलं तर मला मधे उभं करतील. मला नाही सहन व्हायचं ते. माझी तर दातखीळच बसेल." तिच्या मागून आणखी कुणीतरी म्हणालं, आपण सगळेच अडकू, सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पदर हिसकावला आणि जिना चढले.

साहेबांच्या खोलीला समोरून काच आहे. आत साहेब, दोन पाहुणे, चहाचे कप, भिंतीवर कसलीशी रंगीत चित्रं. मी काचेवर टकटक केलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, गोड हसले आणि एक बोट वर केलं. थांबा.

आणि मी थांबले.

हे मला सांगताना अजून लाज वाटते आणि त्याहून जास्त भीती वाटते. माझी जाऊ आत गोठत होती आणि मी काचेबाहेर हात बांधून उभी होते. पाय उचलायचा म्हटलं तर पाय उचलेना. डोक्यात काय चाललं होतं सांगू? मी वाक्यं जुळवत होते. 'साहेब, एक छोटीशी अडचण आहे.' नको. 'साहेब, तुम्हाला त्रास देते.' ते विचारतील ती आत का बरं गेली, तर काय सांगायचं? चिठ्ठ्यांचं सांगायचं का? हजेरीत आवाज कुणाचा, तर काय सांगायचं? आत साहेब पाहुण्यांना चित्रातलं काहीतरी दाखवत होते, मधेच पुन्हा माझ्याकडे बघून ते बोट तसंच वर करत होते, आणि मी मान हलवत होते. हो साहेब. थांबते साहेब. नवऱ्याला, सासूला, दुकानदाराला, कुणाला म्हणून न जुमानणारी मी!

मग माझ्या कमरेला खोचलेला धाकटीचा फोन परत वाजला. दीरच असणार. घरी पोर आई कधी येणार म्हणून विचारत असेल. मला एकदम त्याचं तोंड दिसलं, आणि मी दार ढकलून आत शिरले.

"साहेब, माझी जाऊ फ्रीझरमध्ये आहे. दार उघडा."

साहेबांचं हसू जागच्या जागी होतं. "अहो, बसा. शांतपणे सांगा. असं का बरं वाटतं तुम्हाला?"

"तिचा कोट जाग्यावर नाही. चपला आहेत. ती घरी नाही, कुठंच नाही."

"पण हजेरीला होत्या त्या. मी स्वतः ऐकलं." त्यांनी पाहुण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्या नव्हत्या, तर मग 'आहे' कोण बरं म्हणालं?"

"कुणी का म्हणेना!" माझा आवाज एवढा मोठा निघाला की एका पाहुण्याचा कप बशीत कलंडला. "माणूस मरतंय आत! आधी दार उघडा, मग विचारा काय विचारायचं ते! मी उभी राहते मधे, वर्षभर विचारा! दार उघडा म्हणते ना!"

साहेब उठले. जिन्यापर्यंत चालत आले, जिन्यावर मात्र धावायला लागले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच बघत होते. खाली सगळे दारासमोर उभे होते, जणू हजेरीलाच. साहेबांनी गळ्यातलं कार्ड काढलं. ते दाराशेजारच्या डबीवर टेकवलं तर तिचा दिवा लालच. परत टेकवलं, लालच. हात असा थरथरत होता त्यांचा की कार्ड जागेवर टेकेना. पैलवानानं पुढं होऊन त्यांचं मनगट धरलं आणि कार्ड नीट दाबलं. घरघर उतरत उतरत थांबली. त्या शांततेत साहेब बारीक आवाजात म्हणाले, "पण मला कुणी आधी सांगितलं का नाही? मी तर कधी कुणावर ओरडलोसुद्धा नाही."

त्यांना उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. पैलवानानं दार ओढलं आणि पांढरी वाफ अंगावर आली.

मला वाटलं होतं ती मांडण्यांच्या मागं, कुठंतरी लांब पडलेली सापडेल. ती दाराशीच होती. दाराला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, दार सरकलं तशी ती आमच्या पायांवर कलंडली. भुवया पांढऱ्या, ओठ निळे, हातमोज्याला सोलून काढलेल्या मक्याच्या चिठ्ठ्यांचा गुंडाळा चिकटलेला. लाल दांडा तिच्या डोक्याच्या बरोबर वर होता.

आम्ही तिला उचलून बाहेर आणली. कुणी कोट घातले, कुणी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. साहेबांनी स्वतःचा कोट काढून तिच्या छातीवर पांघरला आणि तिथंच गुडघ्यांवर बसून राहिले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. श्वास चालू होता, मोजका, पण चालू होता. मी तिच्या गालांना हात लावला आणि मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं की मला आधी राग येतो.

"अगं मूर्ख बाई, दांडा का नाही ओढलास? डोक्यावर होता की गं! आंधळी झाली होतीस का?"

तिनं डोळे उघडले. नजर माझ्यावर यायला वेळ लागला.

"भोंगा वाजला असता," ती म्हणाली. शब्द ओठांतून सुटत नव्हते, कान तोंडाशी न्यावा लागला. "पाहुणे होते ना वर. म्हटलं... कुणीतरी येईल. गुपचूप उघडेल. नंतर हातच वर जाईना, ताई."

मी काय बोलणार होते तिला? कुठल्या तोंडानं? मी आत्ताच काचेबाहेर उभी राहून आले होते.

तिनं जरा मान उचलायचा प्रयत्न केला. डोळे भीतीनं मोठे झाले. आत एकटी असतानाही एवढी घाबरली नसेल.

"साहेबांना कळलं का?"

साहेब माझ्या खांद्याला खांदा लावून बसले होते. त्यांच्याच कोटाची बाही तिच्या हनुवटीखाली होती. ते आवाज न करता उठले आणि तिला दिसणार नाहीत अशा बेतानं, मागं मागं सरत, दाराच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

"नाही गं," मी म्हटलं. "कुणालाच नाही कळलं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मगच तिनं अंग सैल सोडलं.